सूचना : दाताची इजा व तातडीचे उपचार

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, संकुलाच्या मैदानावर मुलांचे क्रिकेट पुन्हा सुरू झाले असून, चेंडू लागून कायमचा दात मुळासकट निखळल्यास तो कृपया टाकून देऊ नये. दात मुळाकडून न धरता वरच्या पांढऱ्या भागाने उचलावा, माती लागली असल्यास दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुवावा, पण घासू नये, आणि मूल शांत असेल तर लगेच त्याच जागी बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्यावा. ते न जमल्यास दात थंड दुधात ठेवून शक्यतो 30 मिनिटांच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे, कारण मुळावरील पेशी वाळल्या की दात पुन्हा रुजणे कठीण होते, आणि आपल्या नागपूरच्या उन्हात तर त्या फार लवकर वाळतात. पडलेला दुधाचा दात मात्र परत बसवू नये. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, हे लक्षात असू द्यावे.

दाढदुखीत अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नये. तिने हिरडी पोळते. सूज गळ्याकडे उतरल्यास किंवा गिळताना, श्वास घेताना त्रास होऊ लागल्यास, मग रात्र असली तरी, सकाळची वाट न पाहता रुग्णालयाचा आकस्मिक विभाग गाठावा.

खर्ऱ्यातील (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणातील) सुपारीने दात झिजतात व तडकतात, हे मोठ्यांनीही ध्यानात घ्यावे. जाळीच्या हेल्मेटशिवाय मुलांना लेदरच्या चेंडूने खेळू देऊ नये, ही पालकांना कळकळीची विनंती.

— व्यवस्थापन समिती