हप्त्यावर ट्रक घेण्यापूर्वी

संपादक महोदय,

पगारावर ट्रक चालवणारे अनेक चालक कर्ज काढून स्वतःची गाडी घेतात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु सही करताना बहुतेकांचे लक्ष केवळ मासिक हप्त्यावर असते, याची मला फार काळजी वाटते. १० लाखांच्या कर्जावर चार वर्षांसाठी ८ टक्के ‘फ्लॅट’ व्याज असेल, तर हप्ता २७,५०० रुपये बसतो. मुद्दल फिटत गेले तरी हे व्याज मूळ रकमेवरच आकारले जात असल्याने, घटत्या शिलकीच्या, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरण्याच्या, हिशेबाने तोच दर १४ टक्क्यांहून अधिक पडतो.

शिवाय डिझेल आणि टोल आधी भरावे लागतात, भाड्याची बाकी मात्र पोच (माल मिळाल्याची पावती) जमा केल्यावर, अनेकदा काही आठवड्यांनी मिळते. परतीचा माल न मिळाल्यास एका फेरीच्या भाड्यातून दोन्ही वाटांचे डिझेल निघावे लागते. जुनी गाडी स्वस्त वाटते, पण आठ वर्षांनंतर योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते आणि दुरुस्तीसाठी उभी असलेली गाडी हप्ता थांबवत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ आणि लघुउद्योग मुदत कर्जांसाठी, शुल्कांसह खरा वार्षिक दर दाखवणारे विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे. चालकांनी ते मराठीत मागून घ्यावे आणि वाहतूकदार संघटनांनी सहीपूर्वी ते वाचून समजावण्याची व्यवस्था करावी, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक