लेकीचं कॉलेज ठरलं, त्याबद्दल ताईंना पत्र

ताई, नमस्कार.

लेकीचा प्रवेश झाला. बी.ए.ला, इथंच सोलापुरात. अर्थशास्त्र, इंग्रजी आणि मराठी असे विषय ठेवलेत. फोनवर हे सांगितलंच होतं, पण नीट आभार मानायचे राहून गेले. म्हणून हे पत्र, आणि ते मुद्दाम चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. बारावीचा निकाल लागल्यापासून आमच्या पूर्व भागातली बरीच घरं याच घोळात आहेत.

पोरगी म्हणाली, “मला पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्कात जायचंय.” मला वाटलं, मोठ्या ऑफिसात आल्यागेल्याचं स्वागत करायचं काम असेल. तिच्या आईला वाटलं, पुढाऱ्यांच्या मागं फिरायचं. त्यात एका खासगी संस्थेचे फोन सुरू झाले. “सर, सीट थोड्याच उरल्यात, शंभर टक्के प्लेसमेंट आहे.” फीचा आकडा ऐकला की मी मनातल्या मनात शिलाई मशिनी मोजायचो.

तुम्ही आमच्या गणवेश शिवायच्या युनिटवर आलात ते भाच्याच्या गणवेशासाठी. बोलता बोलता पोरीचा विषय निघाला आणि तुम्ही तिथंच, कापडाच्या तागांमध्ये स्टूल ओढून बसलात. कुठल्या कॉलेजचं नाव घ्यायच्या आधी तिच्या हातात कागद दिलात. “समजा 15 जूनला शाळा उघडली आणि बाबांचे गणवेशच तयार नाहीत. पालक गेटवर चिडलेत. शाळेच्या वतीनं त्यांना दहा ओळींत काय सांगशील?”

तिनं लिहिलं, “काही तांत्रिक कारणांमुळे झालेल्या विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” मला तर वाक्य झकास वाटलं. तुम्ही त्यावर सरळ रेघ ओढलीत. “कसलं कारण? कापड आलं नाही की कारागीर आले नाहीत? गणवेश कोणत्या तारखेला मिळणार? तोवर पोरांनी काय घालून यायचं? पालकाला हे हवंय. तुझी दिलगिरी घेऊन तो काय करणार?” दुसऱ्यांदा तिनं तारीख पहिल्या ओळीत घातली. मग तुम्ही म्हणालात, “आता हेच त्या मावशींना सांग.” आमच्या बटणवाल्या मावशी तेलुगू बोलणाऱ्या. पोरीनं तेलुगूत सांगितलं आणि कागदावरच्यापेक्षा सोपं सांगितलं. मावशींनी वर दोन प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं तिनं दिली. तुम्ही हसून म्हणालात, “मराठी, हिंदी, तेलुगू. हे कुठलं कॉलेज फी घेऊन शिकवणार नाही.” अक्कलकोटकडची कन्नडही थोडी कानावर पडू दे, असंही सांगितलंत. त्या अर्ध्या तासात पीआर म्हणजे काय ते मला कळलं. जाहिरातीची जागा पैसे देऊन मिळते, बातमीतली जागा आणि लोकांचा विश्वास मिळवावा लागतो, हे तुमचं वाक्य मी आता गिऱ्हाइकांनाही ऐकवतो.

त्यानंतरची गोष्ट आम्हाला आधी कुणीच सांगितली नव्हती. जनसंपर्काचे नावाजलेले बरेच अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत, आणि पदवी कुठल्याही शाखेची चालते. दिल्लीची आयआयएमसी, म्हणजे भारतीय जनसंचार संस्था, 1965 पासूनची, तिथं जाहिरात आणि जनसंपर्काचा अभ्यासक्रम आहे. मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स, 1969 ची. पुण्यात लवळ्याला सिम्बायोसिसची माध्यम संस्था, तिथल्या एमबीएला स्नॅप नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट पुणे विद्यापीठाचं, पत्रकारिता आणि संज्ञापन, म्हणजे कम्युनिकेशन, शिकवणारं. आणि आपल्या सोलापूर विद्यापीठातही मास कम्युनिकेशन विभाग आहे. विद्यापीठ आहे त्या केगावला आपण कितीदा जातो, पण पोरीच्या शिक्षणासाठी तिकडं बघावं हे डोक्यात आलं नव्हतं.

म्हणजे बारावीनंतर लगेच पुण्याला पळायची घाई आम्हाला फोनवाल्यांनी लावली होती. अभ्यासक्रमाला ती नव्हतीच. “तीन वर्षं इथं राहा, भाषा आणि अर्थशास्त्र पक्कं कर, रोज दोन पेपर वाच, पैसे पुढच्या शिक्षणासाठी ठेवा,” असं तुम्ही म्हणालात, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

कॉलेज बघायला जाताना काय विचारायचं, तेही तुम्हीच लिहून दिलंत. मान्यता कोणाची, पदवी कोणत्या विद्यापीठाची? शिकवणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष पीआर एजन्सीत, कंपनीत किंवा पेपरात काम केलेले किती? इंटर्नशिप सक्तीची आहे का, आणि मागच्या वर्षीची मुलं नेमकी कुठं गेली होती? प्लेसमेंटच्या यादीत कंपनीच्या नावापुढं पदाचं नाव आहे का? या शेवटच्या प्रश्नानं आमचं काम झालं. फोनवाल्या बाईंना मी तो विचारला. त्या म्हणाल्या, कळवते. फोन बंदच झाले की ओ! पोरीला मात्र तुमची दुसरी सूचना जास्त आवडली: कचेरीत बसून माहितीपत्रक घेण्याऐवजी शेवटच्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनला गाठायचं आणि त्यांनी वर्षभरात लिहिलेलं काहीही दाखवा म्हणायचं.

सरकारी नोकरीचं मी विचारलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत, हेही लक्षात आहे. सरकारची माहिती लोकांपर्यंत पोचवणाऱ्या जिल्हा माहिती अधिकाऱ्याचं पद एमपीएससीतून भरतात, त्यासाठी पत्रकारितेचं शिक्षण आणि अनुभव मागतात, हे तुम्ही समजावलंत. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी येतात. पाणी कुठं, दवाखाना कुठं, कुठला रस्ता बंद, हे त्यांच्यापर्यंत वेळेत पोचवणं हा जनसंपर्कच, आणि तो आपल्याच जिल्ह्यात दरवर्षी होतो. तिची आई तेव्हा पहिल्यांदा म्हणाली, “मग चांगलं काम आहे की.” मला विचाराल तर सगळ्यात अवघड प्रवेश तोच होता.

तुम्ही सुट्टीवर आला होतात. घरच्यांसाठी ठेवलेला वेळ आमच्यावर घालवलात. नंतर पुण्याहून पोरीच्या तीन प्रेसनोटा लाल शाईनं तपासून व्हॉट्सअॅपवर पाठवल्यात. एकीवर नुसतं “कंटाळवाणं” लिहिलं होतं. ती दिवसभर फुगून बसली आणि रात्री पुन्हा लिहायला घेतली. तुमच्या फीचं विचारलं तर तुम्ही भाच्याच्या गणवेशाचं बिल पुढं केलंत. ते मी घेणार नव्हतो, पण तुम्ही ऐकलं नाहीत.

गल्लीतले लोक आता तुमचा नंबर मागतात. तो मी कुणाला दिलेला नाही. तुमचे प्रश्न मात्र मोठ्या अक्षरात लिहून युनिटच्या दारावर लावलेत. माप द्यायला आलेले पालक उभ्या उभ्या वाचतात, फोटो काढून नेतात. त्यात काही वाढवायचं असेल तर कळवा, कागदावर खाली जागा सोडली आहे.

आपला,
लेकीचा बाप, गणवेशवाला
सोलापूर