बक्षिसं वाढवून काय होणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या ऑटोक्रॉस मालिकेवरचा, म्हणजे मातीच्या मैदानात एकेक गाडी घड्याळाशी पळवण्याच्या आमच्या स्पर्धांवरचा, आपला परवाचा लेख वाचला. एक रात्र गेली तरी डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. मालिका मोठी करायची तर बक्षिसं वाढवा आणि मुंबईहून एखादा नामांकित पाहुणा आणा, असा आपल्या प्रतिनिधींचा सल्ला. पाहुणे सध्याही काही कमी येत नाहीत हो. हार-तुरे, भाषणं आणि फोटो यांत अर्धी सकाळ जाते, आणि धूळ बसावी म्हणून टँकरनं मारलेलं पाणी तेवढ्यात वाळून जातं.

मागच्या राऊंडचंच सांगतो. माझी गाडी जुनी मारुती एस्टीम. १२९८ सीसी, कागदावर ८५ अश्वशक्ती. त्यातल्या आता किती उरल्यात ते आमच्या मिस्त्रीला ठाऊक. १४०० सीसीपर्यंतच्या क्लासात माझ्यासमोर कोण, तर टर्बो पोलो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवलेली फोक्सवॅगन! ती ११९७ सीसीची, म्हणून बसली आमच्यात. अश्वशक्ती १०५. एफआयए या मोटरस्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या नियमांत पेट्रोल टर्बोचे सीसी १.७ ने गुणतात. तसं केलं तर हीच गाडी दोन हजारांच्या पुढं जाते. स्क्रूटिनीच्या, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडी-तपासणीच्या टेबलावर मी हा गुणाकार कागदावर मांडून दाखवला. तिथले गृहस्थ हसले आणि म्हणाले, "भिया, शौक की चीज है, दिल पे मत लो." बरं, लेखी हरकत घ्यायची तर तिची फी एंट्रीपेक्षा जास्त! पोलोवाल्या पोरावर माझा मुळीच राग नाही. नियमात बसलं ते त्यानं केलं, आणि चालवतोही झकास.

आमचा क्लास लागेपर्यंत डाव्या वळणाच्या आतल्या बाजूला टायरांनी असे चर पाडले होते की एस्टीमचं पोटच टेकलं. सकाळी पहिल्यांदा धावलेल्यांना तीच माती गुळगुळीत मिळाली होती. अशानं वेळा कशा ताडून बघायच्या? आणि वेळ तरी कशावर घेतात, तर हातातल्या स्टॉपवॉचवर. बटण दाबायलाच माणसाला पाव सेकंद लागतो, आणि आमच्याकडे दुसरा-तिसरा नंबर दशांशावर ठरतो. शेवटच्या रेषेवरच्या मुलाच्या एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात पोह्यांची प्लेट होती. वरून शेवही घातलेली होती, एवढ्या जवळून पाहिलंय.

पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक असल्याचा अभिमान लेखात ओसंडून वाहतो आहे. असू दे. तो कंपन्यांना गाड्या तपासायला आहे. आम्ही रिकाम्या मैदानात प्लास्टिकचे शंकू मांडून, एकेक गाडी सोडून, घड्याळाशी स्पर्धा करतो. त्याचा याच्याशी काय संबंध?

आता थोडं आपल्या पानाबद्दलही. आमच्यावरच्या लेखाला चिकटूनच सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर स्टंट करताना धडकलेल्या पोरांची बातमी, आणि दोन्हींवर मिळून एकच ठळक मथळा! आमच्याकडे हेल्मेट आणि बेल्ट तपासल्याशिवाय गाडी रेषेवर येऊ देत नाहीत, हे लिहायला जागा उरली नसावी. रामबागेतल्या आमच्या काकूंनी सकाळी फोन करून पहिलं काय विचारलं असेल? "सोडलं का रे पोलिसांनी?"

बक्षिसाची रक्कम आहे तेवढीच राहू द्यावी, ही विनंती. वाढीव पैशांतून वेळ मोजायला फोटोसेलचा (गाडीनं प्रकाशकिरण तोडला की आपोआप वेळ नोंदवणारा) एक संच भाड्यानं आणावा, टर्बोला गुणक लावावा, आणि दर क्लासनंतर चर बुजवायला एक ट्रॅक्टर मैदानावर उभा ठेवावा. पाहुण्यांच्या हारांत एवढं सहज निघेल.

पुढच्या राऊंडची एंट्री मी भरली आहे. पैसे लगेच कापले गेले, क्लासची यादी मात्र अजून आलेली नाही. आपल्या प्रतिनिधींकडे असल्यास कृपया छापावी.

आपला,
एक स्पर्धक, सुदामानगर, इंदूर