लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना अख्खे लग्न पाहायला मागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीची लग्ने लागली की मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात आणि घरोघरी फोटोग्राफरचा शोध सुरू होतो. हल्ली हा शोध बहुतेक मोबाइलवरच उरकतो. इन्स्टाग्रामवरचे पंधरा-वीस फोटो आणि दोन रील्स पाहायच्या, दर विचारायचा आणि विसार द्यायचा. लग्नाच्या ऑर्डरी करणारा व्यावसायिक म्हणून कळकळीने सांगतो, की यातून माणसाची पारख होत नाही. पन्नास लग्नांतून निवडलेले वीस फोटो कोणाचेही देखणेच असतात. मागायचे ते एकाच लग्नाचे सगळे फोटो, हळदीपासून पाठवणीपर्यंतचे. शक्यतो ते लग्न तुमच्यासारखे असावे. तुमचे लग्न दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर बंद कार्यालयात असेल, तर संध्याकाळच्या लॉनवरच्या रिसेप्शनचे फोटो पाहून काही कळणार नाही. एखाद्या कुटुंबाच्या परवानगीने दाखवता येईल असा पूर्ण संच चांगल्या फोटोग्राफरकडे असतोच. तो दाखवायला कोणी तयार नसेल, तर पुढे जावे.

त्या संचात सर्वांत आधी अंतरपाट दूर होतानाचे फोटो शोधा. अख्ख्या लग्नात यापेक्षा अवघड क्षण नाही. वधू-वर समोरासमोर उभे असल्याने जिथून एकाचा चेहरा दिसतो तिथून दुसऱ्याची पाठ दिसते. दोघांचेही डोळे हवे असतील, तर बोहल्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन कॅमेरे लागतात. ‘तदेव लग्नं’ सुरू झाले की हातात काही सेकंदच उरलेत हे अनुभवी माणसाला कळते आणि तो जागा सोडत नाही. नवख्याची गडबड इथेच होते. मुंडावळ्या चेहऱ्यापुढे लोंबत असतात, त्यामुळे ऑटोफोकस डोळ्यांऐवजी मोत्यांच्या सरांवर बसतो. मोबाइलवर फोटो छान दिसतो, पण अल्बमसाठी मोठा केला की डोळे धूसर निघतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश समोरून मारला, तर लेन्सजवळून उडणाऱ्या अक्षता सर्वांत उजळ होतात आणि वधूच्या चेहऱ्यावर पांढरे ठिपके उमटतात. त्यासाठी दुसरा फ्लॅश बाजूला, उंच स्टँडवर हवा. आणि शटरचा वेग १/६० सेकंद ठेवला, तर अक्षतांच्या रेघा आणि हार घालणाऱ्या हातांचा फराटा होतो. निदान १/२५० तरी लागतो.

पण नुसता वेग वाढवूनही भागत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, ते डोळ्यांना दिसत नाही, पण वेगवान शटरमध्ये फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० ला पट्टे जातात, तर अक्षतांच्या रेघा होतात. म्हणून जाणकार फोटोग्राफर आदल्या दिवशी किंवा सकाळी लवकर कार्यालयात जाऊन दिव्यांखाली चार चाचणी फोटो काढतो. ‘आमचे कार्यालय आधी पाहणार का?’ हा प्रश्न जरूर विचारा. उत्तरावरून बरेच कळते.

रंगांचेही असेच. मांडवाचे लाल-पिवळे कापड स्वतःचा रंग चेहऱ्यांवर टाकते. त्यात वधूची पिवळी अष्टपुत्री असली, तर त्वचा आणि साडी एकाच रंगाची दिसू लागते. हे बऱ्यापैकी दुरुस्त करता येते. दुरुस्त होत नाही तो स्टेजवर सोडलेला जांभळा-गुलाबी पार लाइट (रंगीत झोताचा दिवा). त्या प्रकाशात हिरवा जवळजवळ नसतोच, त्यामुळे चेहऱ्याचे बारकावे नोंदले जात नाहीत आणि रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलमधूनही) ते परत आणता येत नाहीत. मुहूर्तापासून सप्तपदीपर्यंत फक्त पिवळसर पांढरे दिवे ठेवायला डेकोरेटरला सांगा. रंगीत झगमगाट रिसेप्शनला करा. एवढी एक सूचना महागड्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

दुसरा मुद्दा माणसाचा. मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी एकेक स्टुडिओ तीन-चार ऑर्डरी घेतो आणि त्यांतल्या काही ठिकाणी फ्रीलान्सर पाठवतो. यात गैर काही नाही, कित्येक फ्रीलान्सर मालकापेक्षा सरस असतात. मात्र तुम्ही काम पाहिलेले असते एकाचे आणि दारात उभा राहतो दुसराच. तेव्हा प्रत्यक्ष कॅमेरा कोण धरणार त्याचे नाव विचारा, त्याने काढलेले लग्न पाहा आणि ते नाव करारात लिहून घ्या. तो आजारी पडला तर कोण येईल, हेही. लग्न शेकडो किलोमीटरवर असो की शेजारच्या गल्लीत, त्या दिवसाचे रिटेक नसतात.

माणसे किती लागतात, ते विधींवरून ठरते. नवरदेवाची मिरवणूक दारात येते तेव्हाच आत नवरी तयार होत असते. शिवाय अक्षता पडल्या की पाहुणे पंगतीला जातात, पण कन्यादान, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी हे सारे पुढे दीड-दोन तास चालू असते. म्हणून फोटोला दोन आणि व्हिडिओला एक, असे तिघे तरी हवेतच. ‘कॅन्डिड’ (नकळत टिपलेले सहज फोटो) आणि ‘ट्रॅडिशनल’ (स्टेजवर उभे करून काढलेले फोटो) यांतले एकच घ्यायचे ठरवलेत, तर घरच्या ज्येष्ठांना ते आधी सांगा. कॅन्डिडवाला स्टेजवरच्या रांगेचे फोटो काढत बसणार नाही आणि नंतर आत्याबाईंचा फोटो नाही म्हणून रुसवे होतील. ग्रुप फोटोंचा हिशेब सोपा आहे. वीस ग्रुप आणि प्रत्येकी दोन मिनिटे धरली तरी चाळीस मिनिटे जातात. ती वेळ कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नसते, मग ती जेवणातून किंवा पाठवणीतून कापली जाते. ग्रुपची यादी आधी करा आणि दोन्ही घरांचा एकेक माणूस हाका मारायला ठेवा. फोटोग्राफर कोणाला ओळखत नाही. त्याच्या चमूला मुहूर्ताआधी आळीपाळीने जेवू घातले, तर लाजाहोमाच्या वेळी कोणी जागेवर नाही असे होत नाही.

मोबाइलबद्दल बोलायलाच हवे. अंतरपाटाच्या वेळी हौशी मंडळी मोबाइल उंचावून पुढे येतात आणि कॅमेऱ्यासमोर हातांची भिंत उभी राहते. फोटोग्राफरने पाहुण्यांना बाजूला सारणे वाईट दिसते. गुरुजींनी किंवा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने मंगलाष्टकांपूर्वी माइकवरून दोन वाक्ये सांगितली, तर सगळे ऐकतात.

आता न दिसणारी, पण सर्वांत धोक्याची गोष्ट: मेमरी कार्ड. कॅमेऱ्यात दोन कार्डांचे खाचे आहेत का आणि दोन्हींवर एकाच वेळी फोटो साठवले जातात का, हे विचारायला लाजू नका. एका कार्डाचा कॅमेरा वर्षभर नीट चालतो आणि कार्ड बिघडते त्या दिवशी अख्खा विधी जातो. दोन कॅमेऱ्यांवर मिळून चार हजार रॉ फोटो निघाले आणि एक फाइल साधारण ३० एमबीची धरली, तर १२० जीबी होतात. फोरके व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने घेतला, तर तासाला ४५ जीबी. एवढा डेटा त्याच रात्री दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरला पाहिजे आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी राहिली पाहिजे. तोवर कार्ड फॉरमॅट करायचे नाही. लागोपाठच्या मुहूर्तांत कार्डे कमी पडतात, घाईत जुने कार्ड पुसले जाते आणि फोटो गेल्याच्या अनेक तक्रारींचे मूळ तिथे असते.

करार एका पानाचा पुरतो, पण हवाच. तारीख, तास, माणसांची नावे, किती फोटो रंगदुरुस्ती करून मिळणार, व्हिडिओ किती मिनिटांचा, अल्बमची पाने, प्रत्येक गोष्टीची मुदत, जादा तासाचा दर आणि जीएसटी धरून की वेगळा, हे त्यात यावे. पैसे चार टप्प्यांत द्यावेत: विसार, लग्नाचा दिवस, फोटो मिळाल्यावर आणि अल्बम हाती आल्यावर. शेवटचा हप्ता आधीच दिला की अल्बम लांबतो. उलट, काम पूर्ण झाल्यावर तो अडवून धरणारी घरेही कमी नाहीत, तेही थांबायला हवे.

हक्कांबाबत दोन्ही बाजूंना गैरसमज आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे काही लिहिलेले नसेल तर हक्क ऑर्डर देणाऱ्याचा. फोटोग्राफरला स्वतःच्या पेजवर फोटो टाकायचे असतील, तर तसे करारात लिहावे आणि घरच्यांना नको असेल तर त्यांनी नकार लिहावा. हळदीचे आणि घरातल्या लहान मुलांचे फोटो तर विचारल्याशिवाय टाकूच नयेत. ड्रोन हवा असेल, तर त्याची सरकारकडे नोंदणी आहे का आणि जागा ड्रोनसाठी आधी परवानगी लागणाऱ्या लाल किंवा पिवळ्या क्षेत्रात येते का, ते विचारा. व्यावसायिक कामासाठी २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते.

राहिला अल्बम. बारा बाय छत्तीस इंचांच्या चाळीस जोडपानांवर जोडपानामागे चार-पाच फोटो धरले, तर एकशे साठ ते दोनशे फोटो बसतात. चारशे निवडले की चेहरे टपाल तिकिटाएवढे होतात. निवड दोघांनीच करावी, महिन्याच्या आत, आणि फोटोंचे क्रमांक लिहून द्यावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर निवडलेल्या फोटोंचे स्क्रीनशॉट पाठवू नयेत, त्यावरून मूळ फाइल शोधण्यात डिझायनरचे दिवस जातात. छपाईला जाण्यापूर्वी प्रत्येक पान पाहून नावांचे आणि तारखेचे स्पेलिंग तपासा. छापलेले पान बदलायचे म्हणजे बांधणी उसवावी लागते आणि तो खर्च ज्याने मंजुरी दिली त्याच्याकडे येतो.

आपला,
लग्नसमारंभांचा एक व्यावसायिक छायाचित्रकार, सांगली