'बट'नंतर ती काय म्हणाली?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस, की मीटिंगमध्ये तुझी कल्पना मांडून झाली आणि तुझी मॅनेजर म्हणाली, 'आय डोन्ट वॉन्ट टु रेन ऑन युअर परेड, बट...' पुढचं तुला काही ऐकूच आलं नाही. तेव्हापासून मला चैन नाही. 26 वर्षं मुलांना इंग्रजी वाक्प्रचार पाठ करून घेतले. पण ते कानावर आले की पोटात काय होतं, हे कधी शिकवलं नाही.

हिरमोड म्हटला की इंग्रजीत बहुतेक वेळा पाणीच येतं. मिरवणुकीवर पाऊस, बेतावर गार पाणी, सादळलेला फटाका. 'वेट ब्लँकेट' म्हणजे आग विझवायला टाकायचं ओलं घोंगडं. मला मात्र शिडाच्या जहाजाचा वाक्प्रचार, 'टु टेक द विंड आउट ऑफ समवन्स सेल्स', सगळ्यात खरा वाटतो. वारा येतो त्या बाजूने दुसरं जहाज आलं, की आपली शिडं लोंबतात. जहाज फुटत नाही, नुसतं थबकतं. परवा तुझं तसंच झालं गं.

पण 'डेव्हिल्स अॅडव्होकेट', म्हणजे सैतानाचा वकील, या सगळ्यांत बसत नाही. ते खरंखुरं पद होतं. 1587 मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी ते रीतसर नेमलं. कुणाला संत ठरवायचं असलं, की त्याच्याविरुद्धचे सगळे मुद्दे काढणं हे त्या माणसाचं काम. 1983 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती पद्धत बदलेपर्यंत ते चाललं. तो उत्साह मारायला बसलेला नसे. टिकतं का, ते बघायला बसलेला असे.

म्हणून विचारते, त्या 'बट'नंतर काय होतं? खर्च, वेळ, माणसं यांबद्दल प्रश्न असेल, तर तो लिहून काढ आणि उत्तर घेऊन परत जा. नुसतं 'असलं इथे चालत नाही' असेल, तर ते ओलं घोंगडं.

तू अकरावीत चित्रांची वही घेऊन आलीस, तेव्हा मी 'आधी मार्क बघ' म्हटलं होतं. त्यात प्रश्न नव्हता, विरजणच होतं. तू वही मिटलीस, आणि मी ती परत कधी मागितली नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

शेजारी बसलेल्या कुणाला तरी विचार, ती पुढे काय म्हणाली ते. आणि रविवारी फोन कर. ती कल्पना मला पहिल्यापासून सांग. परवा मीही ती अर्धीच ऐकली.

तुझी,
आई