पालकमंत्री महोदय, बंदुका जमा झाल्या. वनहक्काच्या दाव्यांचं काय?

मा. पालकमंत्री,
गडचिरोली जिल्हा

स.न.वि.वि.

१५ ऑक्टोबर २०२५ ला माओवादी नेता भूपतीने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. बरं वाटलं. जिथली बदली म्हणजे शिक्षा असं खात्यात मानतात, त्या एटापल्ली-भामरागडात माझी नोकरी झाली. तिकडच्या माणसाला किती हायसं वाटलं असेल ते मला ठाऊक आहे. पण त्यानंतर व्यासपीठावरून एकच पालुपद ऐकतो आहे. गरिबी होती म्हणून नक्षलवाद आला, आता खाण आली, रोजगार आला, म्हणजे तो परतणार नाही. हे मला पटत नाही.

गरिबीच कारण असती तर यवतमाळच्या कापूसवाल्याने बंदूक उचलली असती. त्याने कीटकनाशकाचा डबा उघडला. मेळघाटात कोरकूंची लेकरं कुपोषणाने गेली, वर्षानुवर्षं गेली. तिथे दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी, उभं राहिलं नाही. मग आमच्याकडेच का?

थोडं उत्तर नकाशात आहे. १९८० च्या सुमारास पीपल्स वॉर या नक्षलवादी संघटनेची माणसं तेलंगणातून नदी ओलांडून सिरोंच्याकडे उतरली. त्यांचे पुढारी उपाशी नव्हते. भूपतीच घ्या, पेद्दपल्लीचा, शिकलेला. त्यांना सत्ता हवी होती आणि पोलिस मागे लागले तर पाठीशी जंगल हवं होतं. इथल्या माडिया आदिवासीला मात्र त्यांनी आधी क्रांती सांगितली नाही. तेंदूच्या पुड्याचा भाव वाढवून दिला, आणि फॉरेस्टवाल्याची गावात कोंबडी मागायची हिंमत मोडली.

ही कोंबडी समजून घ्या, साहेब. जमीनदाऱ्या १९५० च्या कायद्याने गेल्या आणि जंगल सरकारजमा झालं. निस्तार हक्क, म्हणजे घरच्या गरजेपुरतं जंगल वापरायचे हक्क, कागदावर उरले. बांबू तोडला तरी गुन्हा, बापजाद्यांचा तुकडा नांगरला तर अतिक्रमण. गार्ड आला की कोंबडी द्या, मोहाची दारू द्या, फुकट राबा. नाही म्हटलं की केस. उपास माणूस सोसतो. गावादेखत बापाला शिव्या खाताना पाहिलेलं पोरगं ते विसरत नाही, आणि अशा पोराला शोधणारी संघटना जवळ असली की पुढचं सांगायला नको.

दादालोकांची, म्हणजे नक्षलवाद्यांची, बाजू घेतो आहे असं कुणी समजू नये. पुढे त्यांनीही गावाला कापरं भरवलं. खबरी ठरवून माणसं मारली, रस्ते होऊ दिले नाहीत. पोरं दलममध्ये गेली ती सगळी काही विचाराने गेली नाहीत. कुणी भीतीने गेलं, कुणी नाचगाण्याच्या पथकामागे, एखादी पोरगी घरच्यांनी ठरवलेलं लग्न चुकवायला. आणि मेलं कोण? नक्षलविरोधी पोलिस पथक सी-६० चा जवान आदिवासी, दलममधली पोरगी आदिवासी, खबरी म्हणून मारलेला पोलीस पाटीलही बहुतेक वेळा आदिवासीच.

२००९ साल आठवा. धानोरा तालुक्यात फेब्रुवारीत मरकेगावला १५ पोलिस मारले गेले, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६. त्याच तालुक्यात, त्याच वर्षी, मेंढा-लेखा या गावाला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे २०११ मध्ये खुद्द केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात गेलं. बंदूक न उचलता. ज्या कागदासाठी पिढ्यानपिढ्या गार्डपुढे हात जोडले, त्यावर आता गावच सही करणार होतं. दलमकडे याला उत्तर नव्हतं. मला विचाराल तर त्या काळातला सर्वात मोठा नक्षलविरोधी विजय तोच होता. त्याला पदक मात्र कुणी दिलं नाही.

आज काय चाललं आहे? जातीचा दाखला, आधार कार्ड पोलिसांच्या दादालोरा खिडकी या मदत केंद्रातून मिळतं. पोलिसांचं कौतुकच आहे, पण मग तहसीलदार कशाला आहे? सरकार आदिवासीच्या दारात आधी खाकीत आलं, आताही खाकीतच येतं आहे. सुरजागडच्या लोहखाणीला माझा सरसकट विरोध नाही. पोरांना पगार मिळतो, हे दिसतं. पण आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आणि वनहक्क कायदा २००६ चा असताना ग्रामसभेचा ठराव म्हणजे सह्या गोळा करण्याचं काम झालं, तर जुना गार्डच नव्या हेल्मेटमध्ये आला असं लोक म्हणतील.

म्हणून मागणी एवढीच. नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत पूल-रस्त्यांच्या आकड्यांसोबत तालुकावार यादी ठेवा: वैयक्तिक आणि सामूहिक वनहक्काचे दावे किती आले, किती फेटाळले, कोणत्या कारणाने, आणि फेटाळल्याचं लेखी कारण गावाला कळवलं का. जंगलावरून आदिवासींवर दाखल झालेले किरकोळ जुने खटले किती पडून आहेत, तेही सांगा आणि मागे घ्या. शरण आलेल्यांचं पुनर्वसन आपण करताच आहात. जे कधी गेलेच नाहीत, दोन्हीकडचा मार खाऊन गावातच राहिले, त्यांचा वनजमिनीचा पट्टा कोणत्या टेबलावर अडला आहे?

यादी लागली की पंचायत समितीच्या फलकावरही लावा. एटापल्लीला येऊन वाचायची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त आश्रमशाळा शिक्षक
ता. आरमोरी, जि. गडचिरोली