जुन्या जपानी पियानोबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वापरलेल्या पियानोचे वय व स्थिती चुकीची सांगितल्याने रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

गेल्या मार्चमध्ये आपल्या पुणे कॅम्पातील दालनातून मी यामाहा यू-वन हा जपानहून आलेला, वापरलेला उभा पियानो ३,४०,००० रुपयांना घेतला. शेजारीच जवळपास त्याच किमतीचा एक बुटका, पण नवा कोरा पियानो वॉरंटीसह ठेवला होता आणि माझा कल त्याच्याकडे होता. आपल्या विक्री प्रतिनिधींनी तो बदलायला लावला. "मॅडम, नवा स्वस्तातला म्हणजे नुसता डबा. हा बघा, १२१ सेंटीमीटर उंच, नव्वदच्या दशकातला, पूर्ण ओव्हरहॉल केलेला." पावतीवरही तसेच छापले आहे : '१९९४, ओव्हरहॉल्ड'.

उंचीचे त्यांचे म्हणणे खरे होते. खर्जाच्या तारा लांब असल्या की जो भरदार आवाज येतो तो बुटक्या पियानोत येत नाही, आणि नीट राखलेला जुना जपानी पियानो स्वस्तातल्या नव्याला भारी पडतो, हे मला आजही मान्य आहे. पण मग तो किती जुना आणि कसा राखलेला, हे खरे सांगायला हवे होते.

जूनपासून मधल्या भागातल्या काही पट्ट्या एकेकटी दाबली तरी दोन सूर ऐकू येऊ लागले. तिथे प्रत्येक पट्टीला तीन तारा असतात; त्यातली एखादी उतरली की असे होते. मी बाहेरचा ट्यूनर बोलावला. त्याने वरचे झाकण उचलून मोबाइलच्या उजेडात लोखंडी फ्रेमवरचा क्रमांक वाचला. सात आकडी, पहिला आकडा एक. यामाहाची ही मालिका १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धातली. म्हणजे पावतीवरचे साल सुमारे वीस वर्षांनी पुढे ढकललेले आहे.

मग त्याने पुढची फळी काढली. तारा ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्या मधल्या पिनांच्या बुडाशी वाळलेल्या पातळ गोंदाचे चकचकीत ओघळ होते. सुमारे २३० तारांचा मिळून पंधरा टनांहून अधिक ताण असतो आणि प्रत्येक तार सुरात राहते ती पिन लाकडात घट्ट बसलेली असते म्हणून. इथे पिना सैल झाल्या होत्या आणि कोणीतरी गोंद सोडून वेळ मारून नेली होती. ट्यूनरने चावीने तार चढवली, चार वेळा पट्टी जोरात वाजवली, तार पुन्हा खाली. याला आपण ओव्हरहॉल म्हणत असाल, तर नुसते पुसलेल्या पियानोला काय म्हणता?

आपल्या कार्यालयाचे उत्तर आले की पुण्याच्या पावसाळी हवेने सूर उतरले. ज्या हवेसाठी लोक निवृत्त होऊन इथे राहायला येतात तिच्यावर हे खापर! दमट हवेत साउंडबोर्ड, म्हणजे तारांमागची लाकडी फळी, फुगतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतात. उतरतात ते कोरड्या दिवसांत. शिवाय हवेचा परिणाम सबंध सप्तकावर होतो. एका पट्टीच्या तीन तारांतली एकच निवडून हवा ती सैल करत नाही.

ट्यूनरचा लेखी अभिप्राय, क्रमांकाची व पिनांची छायाचित्रे आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे. ओव्हरहॉल कोणी केला, केव्हा केला व कोणते भाग बदलले, हे लेखी कळवावे. पुन्हा गोंद घालून देण्याचा प्रस्ताव मला नको. पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम वाहतूक खर्चासह परत करावी व पियानो आपल्या खर्चाने न्यावा. अन्यथा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. मी पुण्यातच राहत असल्याने ती इथेच दाखल करता येते, आपले मुख्य कार्यालय कुठेही असो.

पियानो तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्टमध्ये मावत नाही आणि वजन दोनशे किलोंच्या वर आहे. माणसे त्या हिशेबाने पाठवावीत.

आपली,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे